चारशे सदतीस फारम आणि एक पत्र

जागेश्वर सरांनी प्रश्नावलीवर शाळेचा शिक्का मारला नसता, तर कामठ्यात पुढचा गोंधळ झालाच नसता. पण तो शिक्काही त्यांनी स्वतःच्या मनाने मारला नव्हता. शेजारच्या चैतरामने सांगितलं म्हणून मारला. चैतरामचा सल्ला न मागता मिळायचा, आणि न मागता मिळालेल्या गोष्टीची किंमत माणसाला उशिराच कळते.

जागेश्वर रहांगडाले कामठ्याच्या शाळेत बावीस वर्षं खो-खो शिकवत होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी आणि आवाज असा, की त्यांनी मैदानावर ‘खो’ म्हटलं की पलीकडच्या धानाच्या बांधीतला बगळा उडायचा. अशा माणसाने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी क्रीडा प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. दर रविवारी गोंदियाच्या अभ्यासकेंद्रात जायचं, बाकावर बसायचं, वही उघडायची. पहिल्या रविवारी ते सवयीने फळ्याजवळच्या खुर्चीतच जाऊन बसले होते, आणि सगळा वर्ग त्यांना ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून उभा राहिला होता. तो किस्सा त्या मुलांना महिनाभर पुरला.

‘‘या वयात कायले पाहिजे तुमाले हे?’’ सुशिलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं.

‘‘संस्था पाच शाळांसाठी एक क्रीडा समन्वयक नेमून राहिली. त्याले हे शिक्षण लागते.’’

‘‘मंजे पंख्याखाली बसाची सोय.’’

गावाचंही हेच मत होतं. सरांनी ते खोडून काढलं नाही, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

गेल्या वर्षी शाळेचा मुलींचा संघ तालुक्याच्या स्पर्धेला गेलाच नव्हता. प्रवेशअर्जाला जन्मदाखले जोडले नव्हते, अर्ज बाद झाला, आणि तसा निरोप स्पर्धेच्या सकाळीच पोचला. बारा मुली डबे बांधून शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. गावाने संस्थेच्या बाबूला शिव्या घातल्या. सर गप्प राहिले. कारण दाखले मागणारं पत्र वेळेवर आलं होतं आणि ते त्यांच्याच हातात पडलं होतं. पत्राची मागची बाजू कोरी होती. नेमकी त्याच वेळी संघाची कप्तान चेतना विचारत होती, ‘‘सर, खांबाले वळताना उजवा पाय आधी टाकू का डावा?’’ सरांनी पत्र उलटं केलं, त्यावर खांब काढला, पाय काढले, बाण काढले. चेतनाला वळण समजलं. पत्राचं पुढे काय झालं ते मात्र सरांना समजलं नाही.

तेव्हापासून सरांना एका गोष्टीचं कुतूहल लागलं होतं. धावणारा माणूस कुठे चुकतो हे त्यांना वीस पावलांवरून दिसायचं. मग कागद कुठे चुकतो? तो निघतो कुठून, थांबतो कुठे, हरवतो कसा? हे कुठेतरी शिकवत असतील तर शिकून घ्यावं, ती खुर्ची मिळवावी, आणि पुन्हा बारा मुली फाटकाशी उभ्या राहू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक प्रकल्प होता. मार्गदर्शक होत्या दामिनी मॅडम. दामिनी ही सरांचीच जुनी खेळाडू. सातवीत असताना सरावाला उशिरा आली म्हणून सरांनी तिला मैदानाकडेच्या चिंचेला दहा चकरा मारायला लावल्या होत्या. आता तिच्या हातात लाल पेन होतं.

‘‘सर, विषय छान आहे. गावातल्या मुली खेळ का सोडतात. पण यात ‘मला वाटते’ हे तुम्ही सतरा वेळा लिहिलं.’’

‘‘मले वाटते म्हणून लिहिलं.’’

‘‘तुम्हाला काय वाटते ते नको, सर. लोकांना काय वाटते ते पाहिजे. बावीस प्रश्नांची प्रश्नावली करा, साठ घरांकडून भरून आणा. प्रत्येकीवर अनुक्रमांक टाका. आणि खाली लिहा, माहिती गुप्त ठेवली जाईल, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही. त्याखाली तुमची सही.’’

सरांना वाटलं, चिंच तीच आहे, चकराही दहाच आहेत, फक्त धावणारा बदलला.

प्रश्नावली तयार झाली. चैतरामने ती कुंपणावरून हात लांब करून घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, ‘‘याच्यावर शिक्का कुठी हाये?’’

‘‘शिक्का कायले? अभ्यासाचा कागद हाये.’’

‘‘मास्तर, बिनशिक्क्याचा कागद मंजे लग्नाची पत्रिका. लोक वाचतेत आन खुंटीले टोचतेत. शिक्का मारा, मंग पहा कसे धावत येतेत.’’

सरांनी मुख्याध्यापकांना विचारून शिक्का मारला. साठच्या साठ कागदांवर, गोल, ठसठशीत. मारताना हाताला सुख झालं हे त्यांनी पुढे प्रामाणिकपणे कबूल केलं.

आता गावाच्या बाजूने विचार करा. धानाची रोवणी आटोपलेली, हाताला जरा सवड. अशात शाळेतून एक कागद येतो. त्यावर अनुक्रमांक आहे, म्हणजे यादी होणार. शिक्का आहे, म्हणजे वरून आलं आहे. आणि माहिती गुप्त ठेवणार, म्हणजे काहीतरी नक्कीच मोठं आहे! तीन पुरावे मिळाल्यावर लहान मूलसुद्धा निष्कर्ष काढतं. गावानेही काढला. योजना आली.

पहिल्या दिवशी सर साठ घरं फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत बाहेर आले, तर अंगणात चाळीस माणसं.

‘‘सर, आमाले काऊन नाई देल्ला फारम? आमी का गावचे नोहो?’’

‘‘अहो, साठच पाहिजेत. त्याले नमुना म्हणतेत.’’

‘‘नमुना त्यायले आन आमाले ठेंगा?’’

सरांनी समजावून पाहिलं. नमुना म्हणजे काय हे त्यांनी भाताच्या उदाहरणाने सांगितलं : हंडीतलं एक शीत दाबून पाहिलं की सगळा भात कळतो, सगळा भात दाबायची गरज नसते. एका म्हातारबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मंजे ज्याचं शीत दाबलं त्यालेच भात भेटन का?’’

दुपारपर्यंत बसथांब्याजवळच्या मोनूच्या झेरॉक्स दुकानात प्रश्नावलीच्या प्रती निघू लागल्या. मोनू स्वभावाने मदत करणारा. लोकांनी विचारलं, याला काय काय जोडायचं? मोनूला माहीत नव्हतं. पण आपल्याकडे एका कागदाला दुसरा कागद जोडल्याशिवाय पहिला पुरा होत नाही, एवढं त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने पुठ्ठ्यावर लिहून टाकलं : ‘खेळ योजना फारम येथे मिळेल. सोबत मुलीचे आधार, जन्मदाखला, दोन फोटो.’

चौथ्या दिवशी ग्रामसेवक आले. ते पाणीसुद्धा न घेता बोलले.

‘‘सर, तीन दिवसांपासून मी फक्त जन्मदाखले देऊन राहिलो. हात भरून आला माझा. कोणती योजना आहे ही? मला पत्र का नाही आलं?’’

‘‘योजना नाही साहेब. माझा अभ्यास आहे.’’

‘‘मला पत्र पाहिजे होतं,’’ असं म्हणून ग्रामसेवक गेले. योजना खरी आहे आणि आपल्याला बाजूला ठेवलं आहे, याची त्यांना आता खात्री पटली होती.

लोकांनी फारम मात्र मन लावून भरले. नववा प्रश्न होता, मुलींना सरावासाठी घराजवळ किती मोकळी जागा आहे? त्यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. चैतरामने निकाल दिला, ‘‘कमीच लिहा. जास्त लिहिली तर सरकार घेईन, कमी लिहिली तर देईन.’’ त्यामुळे कागदोपत्री सगळं कामठा एका पायावर उभं राहिलं. ज्याच्या अंगणात मळणीचं यंत्र आरामात फिरायचं, त्याने लिहिलं, ‘जागा नाही, पोरगी पलंगावर धावते.’ एकाला तीन मुलगेच होते. त्याने ‘मुलीचे नाव’ यापुढे लिहिलं, ‘पुढे पाहू.’

आठवड्याने मोजले तर चारशे सदतीस फारम झाले. ठेवायचे कुठे? सुशिलाबाईंनी धानाची रिकामी कोठी दाखवली. ‘‘नवं धान येईपर्यंत ठेवा. मंग मी चुलीत घालीन, सांगून ठेवतो.’’

रविवारी सर एक भरलेली पिशवी घेऊन दामिनीपुढे बसले. साठ मागितले, चारशेच्या वर आणले. शाबासकीची अपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हती. दामिनीने पाच फारम वाचले, सहावा वाचताना ती हसली, आणि मग गंभीर झाली.

‘‘सर, हे चालणार नाही. काहीतरी मिळणार असं वाटलं की माणूस खरं उत्तर देत नाही. सगळा नमुना बिघडला.’’

‘‘सगळा?’’

‘‘सगळा. तुम्हीच सांगायचे ना, फाउल झाला की मागं येऊन परत धावायचं.’’

शिकवलेली गोष्ट विद्यार्थ्याला इतकी नीट आठवावी, याचा सरांना अभिमानही वाटला आणि रागही आला. प्रकल्प द्यायला सव्वा महिना उरला होता. प्रकल्प नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर ती खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही तर मुलींचे कागद पुन्हा कोणाच्या तरी हातात.

त्या आठवड्यात सरांनी शाळेतून येऊन एकच काम केलं. कोठीजवळ पाट टाकून ते फारम वाचत बसले. बिघडलेला नमुना म्हणून का होईना, पण वाचायचं सोडवेना. नववं उत्तर खोटं होतं, बारावं अतिशयोक्तीचं होतं. पण चौदाव्या प्रश्नावर, मुलगी खेळत नसल्यास कारण काय, तिथे लोक खोटं बोलायचं विसरून गेले होते. ‘शाळा सुटल्यावर पाणी भरते.’ ‘सांजेला बस नाही.’ एक फारम देवकाबाईंचा होता, म्हणजे चेतनाच्या आजीचा. देवकाबाईंना लिहिता येत नव्हतं; अक्षर चेतनाचं होतं, शब्द आजीचे.

‘नात खेळते. मागल्या साली स्पर्धेसाठी बूट घेतले. नेलं नाई. बूट डब्यात हायेत. पोरीचा पाय वाढून राहिला.’

सरांनी तो फारम दोनदा वाचला. मग सुशिलाबाईंना हाक मारली आणि पत्राची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सुशिलाबाईंनी सगळं ऐकलं. पंख्याबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आणि पोळ्याच्या आदल्या दुपारी संस्थेच्या कार्यालयातून हेमेंद्र बाबूंचा फोन आला. हेमेंद्र गोंदियाचे, बोलणं हिंदीत.

‘‘सर जी, खो-खो की एंट्री कल पाँच बजे बंद हो रही है। आपके डॉक्युमेंट कहाँ हैं?’’

‘‘कोणते डॉक्युमेंट?’’

‘‘अरे, लेटर भेजा था ना! दस दिन हो गए। आपके ही साइन हैं रजिस्टर में।’’

सरांनी शाळेतलं कपाट उपसलं, टेबलाचे खण उपसले, घरी येऊन उशीखाली पाहिलं. पत्र शेवटी सापडलं ते त्यांच्याच अभ्यासाच्या पुस्तकात. वाचून झालं तिथे खूण म्हणून घातलेलं. प्रकरण सातवं : ‘कार्यालयीन पत्रव्यवहाराचे नियोजन’.

सर पाटावर बसले. बारा मुली. बारा जन्मदाखले, बारा आधार, बारा फोटो. ग्रामपंचायतीला कुलूप लागलं होतं, उद्या पोळा. गेल्या वर्षी निदान आपल्याला कागदातलं कळत नाही असं तरी म्हणता आलं असतं. आता प्रकरण सात वाचून झालं होतं.

‘‘असे काऊन बसले?’’ सुशिलाबाई म्हणाल्या.

सरांनी सांगितलं. सुशिलाबाई उठल्या आणि त्यांनी कोठीचं झाकण काढलं.

‘‘त्या मोनूनं का लिहिलं होतं पाटीवर? आधार, दाखला, फोटो. तेच तर लागून राहिले ना?’’

सर उभे राहिले. डोकं सुशिलाबाईंच्या हातातल्या झाकणाला लागलं, ते त्यांना कळलंही नाही.

‘‘चारशे सदतीस हायेत. शोधाले रात जाईन.’’

‘‘मोहल्ल्या-मोहल्ल्यानं लावून ठेवले मी कवाचे. धान भराचं हाये मले यात.’’ पंधरा मिनिटांत बारा फारम पाटावर आले, प्रत्येकाला टाचलेले कागद आणि मुलींचे घाबरलेले फोटो. कागद कुठे थांबतो आणि कसा सापडतो, हे सर वर्षभर गोंदियाला जाऊन शिकत होते. घरात ते कोणी विचारलंच नव्हतं.

पण फारमच्या तळाशी एक ओळ होती. ‘दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही.’ खाली त्यांची सही. बावीस वर्षं मुलांना नियम शिकवलेला माणूस. आपलीच सही ओलांडायची कशी? त्यांनी दामिनीला फोन लावला.

‘‘सर, ज्याचे कागद त्याची परवानगी घ्या. लेखी.’’

‘‘आज? बारा घरं?’’

‘‘चिंचेला दहा मारत होतो आम्ही,’’ दामिनी म्हणाली. ‘‘तुम्हाला दोन जास्त पडतील.’’

त्या संध्याकाळी कामठ्यात घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावणं चाललं होतं आणि जागेश्वर सर परवानगीपत्रं घेऊन घरोघरी हिंडत होते. लोक हात पुसून सही करत. कारण कोणी नीट ऐकून घेतच नव्हतं.

‘‘लागली ना योजना! मी म्हणतच होतो!’’

‘‘योजना नाही हो. मुलींले स्पर्धेले न्याचं हाये.’’

‘‘तेच तं.’’

शेवटचं घर देवकाबाईंचं. म्हातारीने सरांचं सगळं बोलणं ऐकलं, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

‘‘मागल्या साली बी असाच कागद होता का जी?’’

‘‘होता. तो माझ्यापाशी आला होता, आजी. मीच हरवला.’’

चेतना दारात उभी होती. तिने सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘तो खांबाचा? तो माह्यापाशी हाये. पुस्तकात ठेवला मी.’’

देवकाबाईंनी अंगठा शाईत बुडवला आणि सांगितलं, ‘‘गुर्जी, या वक्ती चित्र वेगळ्या कागदावर काढजा.’’

पोळ्याच्या दिवशी सकाळी सर गोंदियाला पोचले. हेमेंद्र बाबूंना घरून उठवून आणावं लागलं. सणाचं कार्यालय उघडावं लागलं म्हणून ते चावी फिरवतानाही कुरकुरत होते. संगणकाला प्रत्येक फोटो लहान करून हवा होता. लहान केला की मुलगी पुसट व्हायची, मोठा ठेवला की संगणक नाकारायचा. एका फोटोत शेवटी फक्त दोन वेण्या आणि भेदरलेपण उरलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी बाराही नावं गेली.

‘‘हो गया सर जी। अब जाइए, पोला मनाइए।’’

‘‘पोच द्या.’’

‘‘स्क्रीन पे आ तो गया!’’

‘‘छापून द्या. दोन प्रती. एकीवर तुमची सही, तारीख.’’

हेमेंद्र बाबूंनी कपाळाला हात लावला. ‘‘आप तो कुर्सी मिलने से पहले ही बाबू बन गए।’’

आदल्या वर्षी हे कोणी म्हटलं असतं तर सरांचा अपमान झाला असता. त्यांनी पोच घडी न घालता पिशवीत ठेवली.

प्रकल्पाचा विषय दामिनीनेच बदलून दिला. म्हणाली, ‘‘मुली खेळ का सोडतात हे या फारमांतून सिद्ध होत नाही, सर. पण एक गोष्ट होते. लोकांकडे कागद असतात. ते नीट मागणारा नसतो.’’ सरांनी मग एका पत्राचा प्रवास लिहून काढला : संस्थेतून शाळेत, शाळेतून सरांच्या हातात, हातातून पुस्तकात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘‘हे पत्र अडवून ठेवणारा तो कर्मचारी कोण?’’ सर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मीच, सर.’’ परीक्षकांनी चष्मा काढला, दामिनीने मान खाली घालून हसू लपवलं. निकाल यायचा आहे. त्या खुर्चीचाही यायचा आहे. चैतराम मात्र दर दोन दिवसांनी कुंपणावरून विचारतो, ‘‘मास्तर, दुसरा फारम कवा?’’

तालुक्याच्या स्पर्धेला बाराही मुली गेल्या. बूट आता चेतनाला घट्ट होत होते. ते सहावीतल्या रेणूच्या पायात गेले आणि चेतना अनवाणी खेळली. पहिला सामना जिंकला. दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात पंचांच्या टेबलावरून सरांना एक कागद मिळाला, पुढच्या फेरीची वेळ आणि सोबत आणायच्या मूळ दाखल्यांची यादी. एवढ्यात चेतना धापा टाकत आली.

‘‘सर, त्यायची ती उंच पोरगी खांबाजवळच आउट करून राहिली. वळू कशी मी?’’

‘‘थांब, दाखवतो.’’

सरांनी सवयीने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती, पांढरी स्वच्छ. पेनाचं टोपण निघालं, खांबाचा पहिला ठिपका पडणार एवढ्यात त्यांचा हात थांबला. चेतना कागदाकडे पाहत होती.

सरांनी टोपण लावलं. कागद सुलटा करून पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद ओढला. मग ते मातीत उकिडवे बसले आणि बोटाने खांब काढला.

‘‘हे पाय,’’ ते म्हणाले, ‘‘आधी डावा.’’